परकीय भाषेची गोडी कशी लागते?

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात प्रयोगशाळेतील कामाविषयी बोलत असताना आम्ही ओघात म्हणालो, की विज्ञानाची आवड असलेल्या मुलांनी इंग्रजीखेरीज आणखी एखादी परकीय भाषा शिकावी. बोलणे संपल्यावर तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या मुलांना इंग्रजीच झेपत नाही. त्यांच्यापुढे जर्मन-जपानीचे नाव काढले तर ती हसतील." त्या वेळी आम्हाला धड उत्तर देता आले नाही.

याच्या उलट चित्र शहरात दिसते. अकरावीला विज्ञान शाखेत गेलेली कितीतरी मुले जर्मन किंवा फ्रेंच हा विषय घेतात. कारण विचारले तर ठरलेले उत्तर मिळते: 'स्कोअरिंग' आहे. दोन वर्षे गुण चांगले मिळतात आणि बारावीची परीक्षा संपली की वह्या रद्दीत जातात. आमच्या प्रयोगशाळेत प्रकल्पासाठी आलेल्या अशाच एका मुलाला जर्मनमध्ये नव्वदच्या वर गुण होते. एका जुन्या बाटलीवरची तीन शब्दांची जर्मन चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "सर, हे सिलॅबसमध्ये नव्हतं."

तालुक्यातल्या मुलाला परकीय भाषा आपल्यासाठी नाही असे वाटते. शहरातल्या मुलाला ती मिळते, पण हवीशी वाटत नाही. दोघांमध्ये बुद्धी कमी नाही; कमी आहे ती ओढ. ही ओढ कशी निर्माण होते? आणि विज्ञानाच्या शिक्षकाला त्यात काही करता येईल का? बाईंना त्या दिवशी न देता आलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करत आहोत.

एका शवविच्छेदनाची गोष्ट

सुरुवात अडीचशे वर्षांपूर्वीच्या जपानपासून करू. त्या काळी जपानने युरोपीय लोकांना दारे बंद केली होती. अपवाद फक्त डच व्यापाऱ्यांचा. त्यांनाही नागासाकी बंदरातील देजिमा नावाच्या लहानशा कृत्रिम बेटावरच राहण्याची मुभा होती. त्यामुळे युरोपातील ज्ञान जपानमध्ये येण्याची वाट जवळजवळ एकच होती, ती म्हणजे डच भाषा. पण ती जाणणारे लोक मुख्यतः नागासाकीचे दुभाषे, आणि त्यांचे काम व्यापारापुरते.

एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे सुगिता गेम्पाकु नावाचा वैद्य होता. शरीररचनेवरचे एक डच पुस्तक त्याच्या हाती आले. मूळ पुस्तक कुल्मुस या जर्मन लेखकाचे. हा त्याचा डच अनुवाद होता. सुगिताला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते. पण आतील चित्रे पाहून तो चक्रावला. परंपरेने शिकलेल्या चिनी वैद्यकातील चित्रांशी ती जुळत नव्हती. कोणाचे खरे?

१७७१ मध्ये देहदंड झालेल्या एका स्त्रीच्या शवाचे विच्छेदन पाहण्याची संधी सुगिताला मिळाली. सोबत माएनो र्योताकु आणि नाकागावा जुन्आन हे वैद्य होते. योगायोग असा, की माएनोजवळही त्याच डच पुस्तकाची प्रत होती. समोर शरीर उघडत गेले तशी ही मंडळी एकेक अवयव चित्राशी ताडून पाहत गेली. फुप्फुसांची, यकृताची, जठराची जागा आणि आकार डच चित्रांप्रमाणेच निघाला. परतीच्या वाटेवर त्यांचे बोलणे झाले, की शरीराची खरी रचना ठाऊक नसताना आपण इतकी वर्षे वैद्य म्हणवून घेतले. हे पुस्तक आपल्या भाषेत आणलेच पाहिजे असे तिथेच ठरले आणि दुसऱ्याच दिवशी माएनोच्या घरी कामाला सुरुवात झाली.

त्यांच्याजवळ भांडवल किती होते? माएनो काही काळ नागासाकीला राहून आला होता. त्याला थोडेबहुत डच शब्द येत होते. सुगिताला मुळाक्षरेही येत नव्हती. उपयोगी पडेल असा शब्दकोश नव्हता. 'भुवई म्हणजे डोळ्याच्या वर असलेले केस' एवढ्या अर्थाच्या एका वाक्यावर अख्खा दिवस गेल्याची आठवण सुगिताने म्हातारपणी लिहून ठेवली आहे. महिन्यातून सहा-सात दिवस ही मंडळी एकत्र जमत. तीन वर्षांहून अधिक काळ हे चालले आणि १७७४ मध्ये 'कायताई शिन्शो' हा शरीररचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मज्जातंतूसाठी जपानी भाषेत आजही वापरला जाणारा 'शिन्केइ' हा शब्द याच ग्रंथातला.

या गोष्टीत नोकरी, गुण, प्रमाणपत्र यांपैकी काही नाही. वयही भाषा शिकण्याचे म्हणतात तसे नाही. माएनो तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. मग त्यांना कशाने खेचले? तीन गोष्टी दिसतात. पहिली, ज्याचे उत्तर हवेच आहे असा प्रश्न त्यांच्यापाशी आधीपासून होता आणि उत्तर एका बंद पुस्तकात होते. दुसरी, अडखळत का होईना, रोज थोडे उलगडत होते. तिसरी, सोबत होती. या तीन गोष्टी लक्षात ठेवू.

प्रेरणेबद्दल संशोधन काय सांगते?

भाषा शिकण्यामागील प्रेरणेचा पद्धतशीर अभ्यास कॅनडात सुरू झाला. गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये माँट्रियल शहरातील इंग्रजी भाषक विद्यार्थी फ्रेंच कसे शिकतात ते पाहिले. भाषेची उपजत जाण आणि शिकण्याची इच्छा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि यश दोन्हींवर अवलंबून असते, असे त्यांना आढळले. इच्छेचेही त्यांनी दोन प्रकार केले. एक उपयोगापोटी, म्हणजे नोकरी, बढती वगैरेंसाठी. दुसरी त्या भाषेच्या लोकांना जाणून घ्यावे, त्यांच्यात मिसळावे या ओढीपोटी. माँट्रियलमध्ये दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी सरस ठरले. पुढे फिलिपाइन्समध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा उपयोगापोटी शिकणारेही चांगले यश मिळवताना दिसले.

हा फरक आपल्याला फार महत्त्वाचा आहे. फिलिपाइन्समध्ये काय किंवा आपल्याकडे काय, इंग्रजीचा उपयोग मुलाला उठता-बसता दिसतो. दुकानाची पाटी, औषधाचे वेष्टन, फोन, मोठ्या भावाची मुलाखत, सगळीकडे ती आहे. त्यामुळे "शीक, उपयोगी पडेल" हे वाक्य इंग्रजीच्या बाबतीत चालून जाते. जर्मन, जपानी किंवा रशियनचा उपयोग मात्र मुलाला आजूबाजूला दिसत नाही. दहा वर्षांनंतरच्या नोकरीचे आमिष तेराव्या वर्षी पुरत नाही. इंग्रजीसाठी वापरलेली युक्ती दुसऱ्या भाषेला जशीच्या तशी लावायला जातो, तिथेच आपली पहिली चूक होते.

मग निदान गुणांचे आमिष? याबद्दल १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मनापासून आवडत असे, त्यांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला "चित्र काढलेस तर बक्षीस देऊ" असे आधी सांगितले आणि बक्षीस दिले. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर अचानक बक्षीस दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात मोकळी ठेवली. ज्यांना आधी बक्षीस कबूल केले होते, ती मुले आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. जे आनंदासाठी होत होते ते मोबदल्यासाठी होऊ लागले, आणि मोबदला थांबताच कामही मंदावले. बारावीनंतर रद्दीत जाणाऱ्या वह्यांचे कारण यात बरेचसे सापडते. अर्थात बक्षीस नेहमीच वाईट असा याचा अर्थ नाही. न मागता मिळालेल्या बक्षिसाने दुसऱ्या गटाचे नुकसान झाले नव्हते.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी अशा अनेक प्रयोगांवरून असे मांडले, की आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टींचे खतपाणी लागते: हे मी माझ्या इच्छेने करतो आहे ही भावना, हे मला जमते आहे हा अनुभव आणि आपल्या माणसांची सोबत. सुगिता आणि त्याच्या मित्रांना नेमके हेच मिळाले होते.

यांपैकी 'जमते आहे' हा अनुभव शिक्षकाच्या सर्वाधिक हातात असतो. तो पहिल्याच तासाला देता आला तर? इथे मराठी मुलांच्या जवळ एक भांडवल आहे, ज्याकडे आपण पाहतच नाही. ते म्हणजे मराठी.

मराठीची किल्ली

आपल्याकडे समज असा, की परकीय भाषेची वाट इंग्रजीतूनच जाते. इंग्रजी कच्चे असेल तर पुढचे नावच नको. वस्तुतः काही बाबतींत मराठी मूल इंग्रज मुलापेक्षा पुढे उभे असते. पुढील उदाहरणे वर्गात करून पहावीत.

जर्मनमध्ये एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिग' म्हणतात. आइन म्हणजे एक, उंड म्हणजे आणि, त्स्वान्त्सिग म्हणजे वीस. एक-आणि-वीस. पंचवीसला पाच-आणि-वीस. इंग्रजीत वीस आधी येतात, म्हणून इंग्रज मूल इथे अडखळते. मराठीत एकवीस, पंचवीस असे एककच आधी येते. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत सुचवल्यावरून २०१९ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. आपली जुनी पद्धत जर्मन लोकही वापरतात हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत: देर, दी, दास. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. इंग्रजी माणसाला हा वेडेपणा वाटतो. 'तो डोंगर, ती नदी, ते झाड' म्हणत वाढलेल्या मुलाला ते फक्त नव्याने पाठ करायचे असते. मुळात वस्तूंना लिंग असते, हे त्याला समजावून द्यावे लागत नाही. मुलगी या अर्थाचा जर्मन शब्द 'मेडशेन' नपुंसकलिंगी आहे हे ऐकून पुण्याची मुले हसतील. पण गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या मुलाला विचारा. त्याच्या घरी 'तें चेडूं' असेच म्हणतात.

आता जपानी. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमास.' वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमास म्हणजे पितो. मी पाणी पितो. शब्दांचा क्रम अगदी मराठीसारखा, क्रियापद शेवटी. 'वा' हा बोलण्याचा विषय दाखवतो, 'ओ' कर्म दाखवतो. टोकियोला जायचे तर 'तोक्यो नि', टोकियोहून यायचे तर 'तोक्यो कारा', टोकियोपर्यंत जायचे तर 'तोक्यो मादे'. इंग्रजीत असे शब्द नामाच्या आधी येतात. मराठीत आणि जपानीत नंतर. आणि प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या शेवटी काय लावतात? 'का'! 'मिझु ओ नोमिमास का?' म्हणजे पाणी पिता का? हा 'का' निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचे नाते नाही, हेही मुलांना सांगावे. पण पहिल्या तासाला जपानीत प्रश्न विचारता आला, हा आनंद योगायोगाने कमी होत नाही.

रशियनमध्ये 'मी शिक्षक आहे' याला 'या उचीतेल' म्हणतात. या म्हणजे मी, उचीतेल म्हणजे शिक्षक. 'आहे' गाळलेलेच. दोन, तीन, चार यांना 'द्वा, त्री, चेतीरे'. संस्कृत शिकलेल्या आठवीतील मुलाला हे नाते ओळखायला मिनिटही लागणार नाही, आणि हे मात्र योगायोगाचे नाही. या भाषा खरोखरच एका कुळातल्या आहेत.

उच्चारांचेही तसेच. वेर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातील सहा ते आठ महिन्यांच्या तान्ह्या मुलांना हिंदीतील 'ट' आणि 'त' यांतला फरक कळतो. पण वर्षाची होईपर्यंत त्यांची ही क्षमता बरीचशी मावळलेली असते. जे ध्वनी कानावर पडत नाहीत, त्यांतले भेद मेंदू सोडून देतो. आपल्या मुलांनी ट-त तर राखले आहेतच, शिवाय 'चूल' आणि 'चाक' यांमधला दंत्य च राखला आहे. जर्मन 'त्सेन', म्हणजे दहा, आणि जपानी 'त्सुनामी' यांचा पहिला ध्वनी जवळपास तोच आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. यावरून जपानी सोपी आहे असे मुलांना सांगू नये. तिच्या दोन वर्णमालांत प्रत्येकी सेहेचाळीस मूळ अक्षरे आणि त्यांच्या जोडीला नित्य वापराची म्हणून ठरवलेली २,१३६ चित्राक्षरे आहेत. तिथे मराठीची मदत संपते. दार उघडते एवढेच खरे. पुढचा रस्ता पायांनीच चालायचा असतो. हे लपवले तर महिन्याभरात मूल निराश होते आणि पुन्हा आपल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

मूलद्रव्यांच्या नावांचा एक तास

हे सारे भाषेच्या शिक्षकाचे काम, असे कोणी म्हणेल. म्हणून विज्ञानाच्या तासाला करता येईल असा एक पाठ देत आहोत. त्यासाठी शिक्षकाला परकीय भाषा येण्याची गरज नाही.

फळ्यावर ऑक्सिजनची नावे लिहावीत. जर्मनमध्ये 'झाउअरश्टोफ': झाउअर म्हणजे आंबट, श्टोफ म्हणजे द्रव्य. रशियनमध्ये 'किस्लोरोद': आम्ल जन्मास घालणारा. जपानीत 'सान्सो': आम्लाचे मूलतत्त्व. मग मुलांना विचारावे, ऑक्सिजन तर आंबट नसतो. मग तीन दूरच्या भाषांनी त्याला हेच नाव का दिले?

मुलांना थोडा वेळ तर्क करू द्यावेत. उत्तर असे, की ही सगळी नावे एका चुकीची भाषांतरे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लावाझिएने या वायूला नाव दिले तेव्हा सर्व आम्लांत तो असतोच अशी त्याची समजूत होती. 'ऑक्सिजन' या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थही आम्लजनक असाच आहे. १८१० मध्ये डेव्हीने दाखवून दिले, की मीठापासून मिळणाऱ्या आम्लात, म्हणजे आपल्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नसतोच. सिद्धांत गेला, पण शब्द राहिला. आपण मराठीत 'प्राणवायू' म्हणालो आणि या चुकीतून सुटलो. चिनी भाषेतील 'यांग' या नावाचे मूळही 'पोषण करणे' या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे आपल्या नावाच्या जवळचे.

आता हायड्रोजन घ्यावा. जर्मन 'वासरश्टोफ', रशियन 'वोदोरोद', जपानी 'सुइसो'. तिन्हींत पाणी आहे. रशियन 'वोदा' आणि संस्कृत 'उदक' यांचे मूळ एकच. जुन्या मराठी पुस्तकांत हायड्रोजनला 'उद्जन' म्हणत, ते का, हे मुले आता आपणच सांगतील. नायट्रोजनला जर्मनमध्ये 'श्टिकश्टोफ' आणि जपानीत 'चिस्सो'. दोन्हींत गुदमरण्याचा अर्थ आहे. तसा अर्थ का आला असावा, हा गृहपाठ द्यावा. उत्तर ज्वलनाच्या प्रयोगात सापडते.

जर्मन आणि जपानी नावे इतकी सारखी कशी? इथे पुन्हा देजिमाचे बेट आठवावे. एकोणिसाव्या शतकात उदागावा योआन याने डच पुस्तकांच्या आधारे जपानीतील रसायनशास्त्राचा पाया घातला. १८३७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या ग्रंथाने हे शब्द रूढ केले. डच नावे जर्मनसारखीच आहेत. सुगिताच्या मित्रमंडळाने उघडलेल्या वाटेवरूनच हे शब्द आले.

एका तासात मुलांनी चार भाषांतील शब्द फोडले, रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक चूक पकडली आणि त्यांपैकी कोणालाही चांगले इंग्रजी यावे लागले नाही. असे एक-दोन तास झाले, की "हे आपल्यासाठी नाही" हे वाक्य वर्गातून कमी होते.

खरेच गरज आहे का?

जिज्ञासू मुले लगेच विचारतील, की विज्ञान तर सगळे इंग्रजीत असते, मग कशाला? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावे. नैसर्गिक विज्ञानांच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आज इंग्रजीचे जवळजवळ एकछत्री राज्य आहे, हे खरे. पण ते नेहमी तसे नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन यांचा वाटा साधारण सारखा होता. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या तरुणांनी जर्मन शिकून घेतली, म्हणून आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील मूळ निबंधांचा इंग्रजी अनुवाद १९२० मध्येच कलकत्ता विद्यापीठाकडून प्रसिद्ध होऊ शकला. सेंद्रिय रसायनशास्त्राचा आधारग्रंथ मानला जाणारा बाइलश्टाइनचा कोश १९८० च्या दशकापर्यंत जर्मनमध्येच निघत असे. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने परकीय भाषांच्या शिक्षणासाठी मोठा निधी देणारा कायदा केला.

आजही सर्व काही इंग्रजीत येत नाही. जैवविविधतेच्या संवर्धनाविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले साहित्य सोळा भाषांत शोधून पाहिले असता सुमारे ३६ टक्के इंग्रजीखेरीज इतर भाषांत आढळले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. याची किंमत कधी कधी मोठी असते. २००४ मध्ये चीनमधील डुकरांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे चिनी नियतकालिकांत छापून आले होते. डुकराच्या शरीरात पक्ष्यांचे आणि माणसांचे फ्लूचे विषाणू एकत्र येऊन नवा विषाणू घडू शकतो, म्हणून ही बातमी फार गंभीर होती. पण ती चिनी भाषेत असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेसह बाहेरच्या जगाचे तिच्याकडे वेळेवर लक्ष गेले नाही.

कोणती भाषा कधी उपयोगी पडेल हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जपानचा विचारवंत फुकुझावा युकिची याने वर्षानुवर्षे कष्टाने डच आत्मसात केली. १८५९ मध्ये नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात तो गेला, तेव्हा दुकानांच्या पाट्याही त्याला वाचता येईनात. तिथे इंग्रजी चालत होती. निराशा मोठी होती, पण त्याने इंग्रजी शिकायला घेतली आणि डचसाठी केलेले श्रम वाया गेले नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. एक परकीय भाषा शिकलेल्याला भाषा कशी शिकायची हे कळलेले असते. हे शिक्षण कोणत्याही भाषेबरोबर मिळते.

फोन भाषांतर करतो, त्याचे काय?

आज मुलांचा हा प्रश्न सर्वांत रास्त आहे. फोन जर्मन चिठ्ठीचे भाषांतर क्षणात करतो, आणि बहुधा बरोबर करतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. सुगिताला असे यंत्र मिळाले असते तर त्याने ते डोक्यावर घेतले असते. शब्दकोश म्हणून मुलांनी ते जरूर वापरावे.

पण एक गोष्ट दाखवून द्यावी. त्या जुन्या बाटलीवरच्या चिठ्ठीत 'गिफ्ट' असा शब्द होता. इंग्रजी जाणणाऱ्याला तो भेटवस्तू वाटेल. जर्मनमध्ये त्याचा अर्थ विष. फोनला विचारले तर तो बरोबर अर्थ सांगेल. पण विचारायला हवे असे वाटण्यासाठी, हा शब्द इंग्रजी नसावा ही शंका आधी आपल्या मनात यावी लागते. यंत्र उत्तर देते. शंका आपल्याला यावी लागते. शिवाय परक्या देशात चार वर्षे सहकाऱ्यांबरोबर काम करायचे, त्यांच्या घरी जेवायला बसायचे, त्यांच्या विनोदाला त्यांच्याबरोबर हसायचे, तर मध्ये यंत्र धरून किती काळ चालणार?

शिक्षकांनी काय करावे?

आमच्या मते पाच गोष्टी पुरेत.

१. मुलाची आवड आधी शोधावी, भाषा नंतर. ज्याला जपानी चित्रकथा आवडतात त्याला जपानी, फुटबॉलवेड्याला स्पॅनिश, बुद्धिबळ खेळणाऱ्याला रशियन. निवड त्याची असावी.

२. पहिल्याच तासाला काहीतरी उलगडावे. दहा आकडे, एक प्रश्न, एका वेष्टनावरचा मजकूर. मुळाक्षरांच्या घोकंपट्टीने सुरुवात करू नये.

३. एकट्याने शिकायला लावू नये. तीन-चार मुलांचा गट करावा आणि आठवड्याचा एक दिवस ठरवून द्यावा. उत्साह दोन महिन्यांत ओसरतो. त्यानंतर गटच तगवून धरतो.

४. गुण आणि स्पर्धा शक्य तितक्या उशिरा आणाव्यात. शाबासकी द्यावी, पण आधी कबूल करू नये.

५. "आधी इंग्रजी सुधार, मग बघू" हे वाक्य टाळावे. दुसरी भाषा जमली की इंग्रजीची भीतीही कधी कधी कमी होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर जपानी, कोरियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषांचा पर्याय सुचवला आहे. पण शिक्षक सर्वत्र मिळणार नाहीत, हे उघड आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारखी सोय प्रत्येक तालुक्यात असणार नाही. म्हणूनच पहिली ठिणगी विज्ञानाच्या, भूगोलाच्या, गणिताच्या तासाला पडली पाहिजे. पुढचा मार्ग ज्याला हवा तो शोधून काढतो.

तेव्हा त्या बाईंना आमचे उत्तर असे: आपल्या मुलांपुढे जर्मनचे नाव काढू नका. फळ्यावर 'आइन-उंड-त्स्वान्त्सिग' लिहा, तुकड्यांचे अर्थ सांगा आणि हा कोणता आकडा असेल ते विचारा. मुले हसतील, हे खरे. पण हसता हसता त्यांतले कोणीतरी "बाई, एकवीस!" असे ओरडेल. मग त्याला बावीस कसे म्हणायचे ते विचारा.